तंत्रज्ञानाचा रकाना रिकामा राहू द्या

इंदूरच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"मी एका खासगी हिंदी माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. 20 वर्षं होत आली. यंदा शाळेने वर्गांत मोठे टच पॅनल बसवले आणि 15 टॅबलेट घेतले. माझ्या वर्गात मुलं 44. प्रिंसिपल मॅडमनी नव्या सेशनसाठी लेसन प्लॅनचा नवा फॉर्म दिलाय. त्यात प्रत्येक पीरियडसमोर 'तंत्रज्ञानाचा वापर' असा रकाना आहे आणि तो रिकामा सोडायचा नाही, अशी सूचना आहे. माझे एक तरुण सहकारी रोज व्हिडिओ लावतात, मुलं खूश असतात. मी फळ्यावर शिकवते. मुलांना समजतं, असं मला आजवर वाटत होतं. पण मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला 'थोडं अपडेट व्हा' असं सांगितलं गेलं. आता रोज रात्री यूट्यूबवर काहीतरी शोधते आणि रकाना भरते. ताई, मलाच जमत नाहीये की पद्धत चुकतेय? आणि पालक विचारतात, मुलाला घरी टॅबलेट घेऊन द्यावा का? त्यांना काय सांगू?"

प्रिय ताई,

पद्धत चुकतेय. तुमच्या फॉर्ममध्ये आधी साधन विचारलंय आणि मग धडा त्या साधनाभोवती बसवायचा आहे. या क्रमाने काम करणारी बाई कितीही हुशार असली तरी सकाळी तिच्या हाती एक व्हिडिओ असतो, धडा नसतो. चारचौघांत तुम्हाला जे ऐकावं लागलं त्याचं मला वाईट वाटलं. शिकवण्यातल्या अडचणी एकट्याला बाजूला घेऊन बोलायच्या असतात.

आता कामाचं बोलू. तुमच्याकडे इतक्या वर्षांत एक गोष्ट साठली आहे, जी पॅनल विकणाऱ्या कंपनीकडे नाही: कोणत्या धड्यात मुलं नेमकी कुठे अडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. सहावीतलं मूल एक-अष्टमांश हा एक-षष्ठांशापेक्षा मोठा म्हणतं, कारण आठ हा आकडा सहापेक्षा मोठा. उणे सात हे उणे तीनपेक्षा मोठं वाटतं, तेही त्याच हिशेबाने. विजेच्या धड्यात मुलांना वाटतं की प्रवाह बल्बमध्ये खर्च होतो आणि सेलकडे परतताना कमी उरतो. नियोजन इथून सुरू करा. प्रत्येक धड्याच्या माथ्यावर एक वाक्य लिहा: 'या धड्यात मुलं इथे अडतात.' त्याखाली लिहा की ती अडचण हाताने, फळ्यावर किंवा एखादी वस्तू दाखवून सुटते का. सुटत असेल तर तंत्रज्ञानाचा रकाना रिकामा ठेवा आणि तो रिकामा का आहे ते एका ओळीत नोंदवा. सुटत नसेल तरच यंत्राकडे वळा, आणि यंत्र तिथे काय करणार आहे ते नेमक्या शब्दांत लिहा. 'व्हिडिओ दाखवणे' एवढ्याने भागणार नाही. व्हिडिओत मुलं काय बघतील, जे त्यांना एरवी दिसलं नसतं?

अपूर्णांकाचंच बघा. कागदाची पट्टी घ्या, घडी घालायला लावा. अर्धी, पाव, अष्टमांश. शेजाऱ्याच्या सहा समान भागांच्या पट्टीला लावून बघायला सांगा. अडचण तिथेच सुटते आणि मुलाच्या बोटांना ती आठवण राहते. इथे पॅनलची गरज नाही. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 अंश, हे शिकवताना मात्र मी दोन्ही वापरेन. आधी कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून एका रेषेवर जुळवायचे. मग जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर उघडायचं, शिरोबिंदू बोटाने ओढायचा आणि तिन्ही कोनांचे आकडे बदलत असताना बेरीज तशीच राहते हे बघायचं. कागदाने मूल एक त्रिकोण तपासतं. पडद्यावर एका मिनिटात ढीगभर तपासतं, अगदी चपटे, विचित्रसुद्धा. 'सगळ्याच त्रिकोणांत असं होतं का?' हा प्रश्न तेव्हा त्याच्या मनात खऱ्या अर्थाने उभा राहतो. जिओजेब्रा 2001 मध्ये ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलं. शाळेला ते फुकट वापरता येतं.

विजेच्या धड्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण यंत्राची खरी किंमत तिथे कळते. पहिल्या पीरियडला पडदा बंद. चार-चार मुलांचे गट करा, प्रत्येकाला दोन पेन्सिल सेल, वायरचे तुकडे आणि टॉर्चचा बल्ब द्या. बल्ब कसा पेटवायचा ते सांगू नका. मुलं चुका करतील, दोन्ही वायरी सेलच्या एकाच टोकाला लावतील, एखाद्या गटाची वायर गरम होईल. हे सगळं होऊ द्या, फक्त सेलची दोन टोकं सरळ जोडून धरून ठेवू नका एवढं आधी बजावा. मग वहीत एक अंदाज लिहायला सांगा: बल्बच्या आधी वायरीत जेवढा प्रवाह असतो, तेवढाच नंतर असतो, की कमी? प्रत्येकाने लिहायचं, खोडायचं नाही. माझ्या अनुभवात बरीच मुलं 'कमी' लिहितात, आणि ती विचार करून लिहितात.

दुसऱ्या पीरियडला पडदा चालू. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाने 2002 पासून तयार केलेले 'फेट' नावाचे संगणकावरचे प्रयोग आहेत. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी तो प्रकल्प सुरू केला. ते फुकट आहेत आणि आधी डाउनलोड करून ठेवले तर इंटरनेट लागत नाही. त्यात विद्युत मंडल जोडता येतं आणि वायरीतून जाणारे इलेक्ट्रॉन ठिपक्यांसारखे सरकताना दिसतात. बल्बच्या दोन्ही बाजूंना प्रवाह मोजणारा ॲमीटर लावा: आकडा सारखाच. मुलं चक्रावतात. 'मग बल्बमध्ये खर्च काय होतं?' असं कुणीतरी विचारतं आणि ऊर्जेचा खरा धडा त्या प्रश्नापासून सुरू होतो. इलेक्ट्रॉन खऱ्या वायरीत कुणालाच दिसत नाहीत. न दिसणारं दाखवणं, हे काम तुम्ही खडूने कितीही चांगलं केलं तरी फळ्यावरचा बाण सरकत नाही. म्हणून इथे यंत्र हवं.

क्रम मात्र उलटू देऊ नका. पडदा आधी आला तर मूल अंदाज करतच नाही, नुसतं बघतं आणि 'समजलं' म्हणतं. हाताने करण्याची ही परंपरा आपल्याच मध्य प्रदेशातली आहे, त्यामुळे प्रिंसिपल मॅडमना ती अभिमानाने सांगा. 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 माध्यमिक शाळांत 'होशंगाबाद विज्ञान' सुरू झालं. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी ते उभं केलं, 1978 मध्ये ते सगळ्या जिल्ह्यात गेलं आणि 1982 नंतर एकलव्य संस्थेने सांभाळलं. मुलं चार-चारच्या गटात स्वस्त साहित्यातून प्रयोग करायची, निष्कर्ष स्वतः लिहायची, परीक्षेला पुस्तक उघडून बसायची. शिक्षक दर महिन्याला एकत्र जमून काय अडलं ते बोलायचे. सरकारने 2002 मध्ये तो कार्यक्रम बंद केला, ही माझ्या मते या राज्याच्या शिक्षणाची मोठी हानी झाली. पण त्यातली शिकवण्याची रीत कुणी बंद करू शकत नाही. तुमच्या टॅबलेटला त्या रीतीच्या जोडीला बसवा.

अभ्यासक्रमाचं नियोजन म्हणजे नुसती धड्यांची यादी नव्हे. वर्षभर चालणारा एखादा धागा त्यात असला की गणित, विज्ञान, भूगोल एकमेकांना धरून राहतात. इंदूरसाठी असा एक धागा मी सुचवते: सावली. अंगणात एक मीटर लांबीची सरळ काठी उभी रोवायची आणि सेशनभर तिची दुपारची सावली मोजायची.

मुलं कुठे अडतात? 'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो', असं जवळजवळ प्रत्येक मूल मानतं. आपल्यातले बरेच मोठेही मानतात. इंदूर साधारण 22.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला. कर्कवृत्त उज्जैनच्या उत्तरेकडून जातं. त्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून फक्त दोनदा अगदी डोक्यावर येतो: जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. जूनमधला दिवस सुट्टीत जातो. जुलैमधला शाळेच्या दिवसांत येतो, पण तेव्हा पाऊस असतो. ढगांतून दोन मिनिटं ऊन निघालं तर काठीची सावली जवळजवळ नाहीशी झालेली मुलांना दिसेल. नाही निघालं तर स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर उघडा, इंदूर निवडा, तारीख टाका आणि सूर्य माथ्यावर आणा. यंत्र इथे ढग बाजूला करतं.

मग दर महिन्याला एकदा, ऊन असलेल्या दिवशी, दोन मुलांनी पावणेबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीची लांबी मोजायची. सूर्याकडे बघायचं नाही, नजर जमिनीवर, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका. 22 सप्टेंबरच्या सुमारास सर्वांत आखूड सावली 42 सेंटिमीटरच्या आसपास येईल. 22 डिसेंबरला ती काठीपेक्षा किंचित लांब, म्हणजे एक मीटर चार सेंटिमीटरच्या घरात जाईल. भर दुपारी सावली काठीएवढी! मोजण्याआधी अंदाज लिहून घ्या. डिसेंबरचा अंदाज बहुतेकांचा फार कमी येईल आणि तोच दिवस त्यांच्या लक्षात राहील.

दुसरी गोष्ट मुलं स्वतः शोधतील. सर्वांत आखूड सावली बरोबर बाराला येतच नाही. इंदूर 76 अंश पूर्व रेखांशाच्या जवळ आहे आणि आपली घड्याळं 82.5 अंशांच्या रेषेप्रमाणे चालतात. फरक साडेसहा अंशांचा, प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे 26 मिनिटं. हे गणित सातवीतलं मूल करू शकतं. आकडे एक्सेलमध्ये किंवा लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये भरून महिन्यामहिन्याचे आलेख एकावर एक ठेवले की आणखी एक कोडं उभं राहतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सर्वांत आखूड सावली बारा दहाच्या आसपास येते, फेब्रुवारीच्या मध्याला बारा चाळीसच्या आसपास. पृथ्वीची कक्षा पुरती गोल नाही आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन कारणांनी हा क्षण वर्षभर मागेपुढे सरकतो. सातवीत याचं पूर्ण उत्तर द्यायची गरज नाही. स्वतःच मोजलेल्या आकड्यांतून कोडं उभं राहिलं, एवढंही पुष्कळ आहे. एका दिवसाचा आलेख मुलं चौकटीच्या कागदावर काढतील आणि पहिल्यांदा तो तसाच काढायला हवा. आठ महिन्यांचे आलेख शेजारी ठेवून बघणं हे संगणकाचं काम.

तिसरी पायरी पूर्णपणे पडद्याची. 'याच दिवशी दिल्लीत काय होत असेल?' दिल्ली कर्कवृत्ताच्या बरीच उत्तरेला, तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. 21 जूनलासुद्धा एक मीटरच्या काठीची तिथे नऊ सेंटिमीटर सावली पडते. आणि चेन्नईत? त्या दिवशी दुपारी सावली दक्षिणेकडे पडते, 18 सेंटिमीटरच्या जवळपास. दुपारची सावली उत्तरेलाच पडते असं मानून बसलेली मुलं हे बघून गप्प होतात आणि मग सगळी एकदम बोलायला लागतात. तुमच्या वर्गातल्या कुणाची मावशी पुण्यात, कुणाचा काका नागपुरात असेलच. एखाद्या दिवशी ठरवून तिकडच्या मुलांनाही काठी रोवायला सांगा आणि फोनवर आकडे घ्या. शेवटी एक सहल: उज्जैनची वेधशाळा, सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली, बसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तिथलं सम्राट यंत्र सूर्याची वेळ दाखवतं. मुलांना हातातलं घड्याळ आणि यंत्र यांतला फरक मोजू द्या. वर्षभर काठी मोजलेल्या मुलांना तो फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

या एका धाग्यात टॅबलेट किती वेळा लागले ते मोजा. फार थोड्या वेळा. पण प्रत्येक वेळी काय करायला लागले ते तुम्ही ठामपणे सांगू शकता.

आता 15 टॅबलेट आणि 44 मुलं. पीरियड 40 मिनिटांचा. वाटप, चालू करणं, लॉगिन, पासवर्ड विसरणं, चार्जिंग संपलेलं: दहा मिनिटं तिथेच जातात. म्हणून टॅबलेट फक्त जोड पीरियडला काढा. टॅबलेटवर आकडे चिकटवा, गट कायमचे ठरवा, तीन मुलांमागे एक. त्यातलं एक बोट लावेल, एक वहीत लिहील, एक पुढचा अंदाज सांगेल, आणि दर दहा मिनिटांनी कामं बदलतील. जे लागणार आहे ते आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवा. वीज गेली तर काय, याची एक ओळ प्रत्येक प्लॅनमध्ये असू द्या. मुलांच्या नावाने खातं उघडावं लागणारी ॲप शक्यतो टाळा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे आणि ती जबाबदारी तुमच्या एकट्याच्या डोक्यावर यायला नको. खातं न मागणारी चांगली साधनं पुष्कळ आहेत. सरकारी दीक्षा मंचावरही पाठ्यपुस्तकातल्या धड्यांचं बरंच साहित्य आहे, पण तेही आधी स्वतः बघून, हवा तेवढाच तुकडा घ्या.

टॅबलेटचा आणखी एक खरा उपयोग आहे आणि तो मागे पडलेल्या मुलांसाठी. तुमच्या सातवीत काही मुलं अजून चौथीच्या भागाकारात अडकलेली असतील. सगळ्या वर्गाला एकच धडा शिकवताना त्यांच्यापर्यंत पोहोचणं एका बाईला शक्य होत नाही. दिल्लीत सहावी ते नववीच्या सरकारी शाळांतल्या मुलांवर कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेनंतरच्या केंद्रात मुलं काही वेळ संगणकावर आणि काही वेळ लहान गटात शिक्षकाबरोबर बसायची. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत स्पष्ट प्रगती दिसली. ते सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाला त्याच्या खऱ्या पातळीवरून प्रश्न द्यायचं, इयत्तेच्या पातळीवरून नव्हे. दुसरीकडे पेरू देशात खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांना लॅपटॉप वाटले गेले. 2012 मध्ये आलेल्या मूल्यमापनात सव्वा वर्षानंतरही गणित किंवा भाषेत फरक आढळला नाही. यंत्रं तिथेही होती. कोणत्या मुलाला, कोणत्या अडचणीसाठी, कुणाच्या देखरेखीखाली, हे ठरलेलं नव्हतं. ही दोन उदाहरणं मीटिंगमध्ये शांतपणे मांडा.

चॅटजीपीटीकडून लेसन प्लॅन लिहून घ्यावेत का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आज ना उद्या कुणीतरी सुचवणारच. त्याच्याकडून एकाच प्रकारचे वेगवेगळे सरावप्रश्न तयार करून घ्या, हिंदीतलं कठीण वाक्य सोपं करून घ्या, वेळ वाचतो. पण त्याची उत्तरं आणि आकडे स्वतः तपासल्याशिवाय मुलांपुढे ठेवू नका. ते चुकीची गोष्टही तितक्याच खात्रीने लिहितं. आणि सबंध प्लॅन त्याच्यावर सोपवू नका. तुमच्या वर्गातली मुलं कुठे अडतात हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि ज्याला ते ठाऊक नाही त्याने लिहिलेला प्लॅन कुठल्याही वर्गाला चालेल असाच होतो.

प्रत्येक पीरियडच्या शेवटी तीन मिनिटं राखून ठेवा. मुलांनी चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या: आज काय कळलं आणि काय अजून गोंधळाचं आहे. नाव लिहायची सक्ती नको. त्या चिठ्ठ्या संध्याकाळी चहा घेता घेता वाचून होतात, आणि उद्याचा प्लॅन त्यांच्यावरून तयार होतो. व्हिडिओ शोधण्यात जाणारी रात्र मोकळी होईल. झोपा, ताई. थकलेल्या बाईकडून कुठलंच साधन नीट चालत नाही.

प्रिंसिपल मॅडमशी बोलताना फॉर्मविरुद्ध तक्रार घेऊन जाऊ नका, दुसरा फॉर्म घेऊन जा. त्यात तीन रकाने: मुलं कुठे अडतात, तिथे यंत्र काय करेल, वीज नसेल तर काय. सोबत विजेचा धडा आणि सावलीचा धागा पूर्ण लिहून न्या. म्हणा की महिन्यातले दोन धडे मी असे नीट करून दाखवते, तुम्ही येऊन बसा, आणि चिठ्ठ्याही वाचा. त्यांच्यावरही वरून दडपण असणार. पॅनलवर खर्च झालाय, पालकांना दाखवायचंय. 2020 च्या शैक्षणिक धोरणाचा दाखला त्या देतील. त्या धोरणात तंत्रज्ञानावर भर आहे हे खरंच आहे, पण प्रत्येक पीरियडला पडदा चालू असावा असं त्यात म्हटलेलं नाही. पालकसभेत मुलांनीच आठ महिन्यांचे सावलीचे आलेख पॅनलवर समजावून सांगितले तर मॅडमना हवं ते मिळेल आणि तुम्हालाही. त्यांनी तरीही ऐकलं नाही, तर या वर्षापुरता रकाना भरा, वाद वाढवू नका, पण स्वतःच्या वहीत खरा प्लॅन ठेवा. दोन-तीन महिन्यांत त्या वहीतूनच पुन्हा बोलता येईल.

त्या तरुण सहकाऱ्याबद्दल तुमच्या पत्रात थोडी धास्ती दिसली. ते रोज व्हिडिओ लावतात तर त्यांना फाइल डाउनलोड करणं, पॅनल जोडणं, आलेख बनवणं चटकन जमत असणार. तुम्हाला मुलांची अडचण चटकन दिसते. एका धड्याचं नियोजन दोघं मिळून करा. त्यांच्या वर्गात एकदा मागच्या बाकावर बसा, त्यांनाही तुमच्याकडे बोलवा. टाळ्या वाजल्या म्हणून समजलं नाही असं मी म्हणणार नाही. मुलांना आनंद झाला, हे चांगलंच आहे. त्या आनंदाच्या आधी अंदाज लिहायला लावणं आणि नंतर चिठ्ठी घेणं, एवढी दोन कामं त्यांच्या धड्यात वाढली तरी त्यांचे व्हिडिओ कामाला लागतील. हिंदीच्या शिक्षिकेलाही बरोबर घेता आलं तर बघा. पितृपक्षात मालव्यातल्या मुली संजा, म्हणजे भिंतीवर शेणाफुलांची चित्रं, काढतात आणि गाणी म्हणतात. ती गाणी आजी-आत्यांकडून फोनवर रेकॉर्ड करून आणणं आणि वर्गात ऐकून लिहिणं हा भाषेचा उत्तम पाठ होतो. मराठी घरातल्या मुली संजाबरोबर भोंडल्याचीही गाणी आणतील.

पालकांना स्पष्ट सांगा की शाळेसाठी टॅबलेट विकत घ्यायची गरज नाही. घरात असलेल्या फोनवर आठवड्यातून एक-दोनदा, मोठ्यांसोबत, शाळेत सांगितलेलं एखादं काम करता येतं. खर्च करायचाच असेल तर दोन पेन्सिल सेल, थोडी वायर, टॉर्चचा बल्ब आणि मीटरपट्टी घेऊन द्या म्हणावं. मीटरपट्टी सोडून बाकीचं इंदूरच्या जेल रोडवर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं.